‘नसलेल्या बगचं बिल लावलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. तुमचा लिनक्स ड्रायव्हर नीट चालत होता, आम्ही केमॅलॉकच्या (kmalloc, लिनक्सच्या कर्नलमध्ये म्हणजे गाभ्यात मेमरी मागायचं फंक्शन) ओळी उगाच बदलल्या, वर त्याचे पैसेही लावले, आणि 64 बिटवर ओव्हरफ्लो (आकडा ठरलेल्या बिटांत न मावणं) होतोच कुठे, असं तुमचं म्हणणं. बिलातली ती नोंद आम्ही काढणार नाही. का, ते सांगतो.

64 बिटबद्दल तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं आहे. पण हाच ड्रायव्हर तुम्ही 32 बिटच्या बोर्डांसाठीही देता, आणि नोंदींची संख्या आयऑक्टलमधून (ioctl, प्रोग्रामने ड्रायव्हरला केलेली मागणी) येते, म्हणजे युजरस्पेस, अर्थात कर्नलबाहेरचा कुठलाही प्रोग्राम, सांगेल ती. मागितलेल्या मेमरीत सुरुवातीचं हेडर 8 बाइटचं, पुढची एकेक नोंद 16 बाइटची. कोणी 268435456 नोंदी मागितल्या की गुणाकार बरोब्बर 4294967296 होतो. 32 बिटात तो मावत नाही, हातात शून्य उरतं. केमॅलॉक हेडरपुरते 8 बाइट बिनतक्रार देऊन टाकतं. नलची (मेमरी न मिळाल्याची खूण) तपासणी तुमच्या कोडमध्ये होतीच, पण पॉइंटर नल नाही म्हटल्यावर ती करणार काय? पुढचं लूप शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतं, आणि क्रॅश होतो तो भलत्याच ठिकाणी. असे बग शोधताना माणूस वेडा होतो.

हाताच्या गुणाकाराऐवजी आम्ही वापरलेलं स्ट्रक्ट साइझ (struct_size) हे आकाराचा हिशेब करणारं मॅक्रो कर्नल 4.18 पासून, म्हणजे 2018 पासून आहे. हिशेब हाताबाहेर गेला की ते साइझ-टीची (size_t, आकार ठेवायचा डेटा प्रकार) कमाल किंमत परत देतं. तेवढी मेमरी मिळत नाही, नल येतो, आणि तुमचीच जुनी तपासणी कामाला येते. अ‍ॅलोकेटरच्या, म्हणजे केमॅलॉकसारख्या मेमरी देणाऱ्या फंक्शनच्या, आर्ग्युमेंटमध्ये हाताने गुणाकार करू नका, असं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. हा आमचा हट्ट नाही.

वेगाची काळजी नको. जास्तीच्या एखाद-दोन इन्स्ट्रक्शन, त्याही अ‍ॅलोकेशनच्या वेळी.

डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) उघडलात तर दिसेल, जिथे आकार स्थिर आहे तिथे आम्ही हात लावलेला नाही. एके ठिकाणी मात्र एकूण आकार इंटमध्ये (32 बिटांचा पूर्णांक) साठवला होता. तिथे 64 बिटवरही वरचे बिट कापले जातात, तेवढी ओळ जरूर पाहा.

एका मागणीत जास्तीत जास्त किती नोंदी चालतील, हा आकडा तुमच्या टीमकडून अजून यायचाय. तो कळवा, ती मर्यादा याच बिलात घालून देतो.