डिसेंबर आला, की माझी उलटतपासणी

झालं सुरू! कोल्हापूरच्या गंगावेशीत पहाटेच्या थंडीत धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावला, मिशीवर फेस तसाच, तोवर शेजारचा विचारतोय, ‘भावा, नाताळ आला न्हवं? केक कधी?’ अरे, ख्रिश्चन असलो तरी आमची आई करंज्या तळती! ‘घरात इंग्लिशच बोलत असशील?’ आईच्या शिव्या ऐकायला ये एकदा. ‘गोव्याचं का तुम्ही?’ अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आला १८५२ ला. तवापासनं आम्ही काय पणजीहून अप-डाऊन करतोय? चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं म्हणतो आम्ही. हेडफोनला के-पॉप लावलं तरी प्रश्न, ‘तुमच्यातलं गाणं व्हय?’ कोरिया माझं आजोळ हाय काय रं? आणि हेच सगळे २५ तारखेला दारात हजर. केक राहिला बाजूला, ‘काकू, पांढरा रस्सा अजून हाय का?’