छिद्रांच्या चष्म्याने नंबर जात नाही : खुलासा

‘बारीक छिद्रांचा काळा चष्मा रोज अर्धा तास लावा, महिन्याभरात नंबर जाईल’ असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

छिद्रातून स्पष्ट दिसतं, हे खरं आहे. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, चष्मा काढून त्यातून लांबची पाटी बघा. अक्षरं सुटी होतात. कागद बाजूला केला की पुन्हा धूसर! छिद्र कडेचे तिरपे किरण अडवतं, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा (दृष्टिपटलावरचा) धूसर ठिपका लहान होतो. डोळ्यात काहीच बदलत नाही. नंबर ठरतो तो मुख्यतः बुबुळाच्या वक्रतेवर आणि डोळ्याच्या लांबीवर, आणि कागदाचं भोक या दोन्हींना हात लावत नाही.

नेत्रतपासणीत हेच छिद्र, साधारण 1.2 मिमीचं, फार कामाचं. तक्ता वाचताना त्यातून दोन ओळी जास्त वाचता आल्या, तर दोष बहुधा नंबरचा. फरक पडला नाही, तर दृष्टिपटल, डोळ्याची नस किंवा आळशी डोळा (लहानपणी नजर नीट न घडल्याने कमी दिसणारा डोळा) असं दुसरं कारण शोधावं लागतं. म्हणजे ती चाचणी आहे, उपचार नव्हे. (मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत इथेच झाली असावी.)

असा चष्मा लावून गाडी तर मुळीच चालवू नका; उजेड कमी होतो, बाजूचं दिसत नाही. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.