क्रांती गाळ्यात शिरताना घ्यायची काळजी

तुमच्या गाळ्यात दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ (दोन्ही धातू कापणारी संगणकी यंत्रं) आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर असेल, तर अभिनंदन. तुम्ही आता साधे वर्कशॉपवाले राहिला नाहीत, बड्या कंपनीचे 'व्हॅल्यू चेन पार्टनर' झाला आहात. रेट वाढला नाही, उलट एप्रिलपासून दोन टक्के 'कॉस्ट डाऊन' लागलाय, हे खरं. पण ईमेलच्या सुरुवातीला 'डिअर पार्टनर' येतं की नाही?

मी पुण्याजवळच्या भोसरीत बावीस वर्षं जॉब, म्हणजे मशीनवर कातलेले सुटे भाग, काढतोय. डिजिटल क्रांती आणि हरित क्रांती (शेतीची नव्हे, एक्सेलची) या दोन्हींतून गाळा शाबूत ठेवून बाहेर आलोय. तेव्हा माझं ऐका.

आधी थोडं पाठांतर करा, कस्टमरच्या, म्हणजे त्या बड्या कंपनीच्या, व्हेंडर मीटमध्ये (पुरवठादारांच्या बैठकीत) विचारतात. 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ साली जर्मनीत, हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात पहिल्यांदा गाजला. या चौथ्या औद्योगिक क्रांतीत यंत्रं आपापसात बोलतात म्हणे. आपल्याकडे यंत्र बोलायला लागलं की समजावं, बेअरिंग गेलं. हे वाक्य मीटमध्ये बोलू नका. मी बोललो होतो.

पहिली पायरी म्हणजे टॅब. प्रत्येक जॉब उतरला की ऑपरेटरने टॅबवर नोंद करायची आणि ती तिकडे साहेबांच्या स्क्रीनवर त्याच क्षणी उमटायची. टॅब व्हीएमसीच्या दाराशेजारीच लावा. विकणारा तिथेच लावायला सांगतो, कारण तिथे फोटो चांगला येतो. दुसऱ्या दिवशी त्यावर कूलंट (कापताना थंडावा देणारं तेलमिश्रित पाणी) उडतं, म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी. पिशवीवरून हातमोज्याचं बोट चालत नाही, म्हणून हातमोजा काढायचा. हातमोजा काढला की सेफ्टीवाले साहेब नेमके त्याच वेळी राउंडला येतात.

आमचे सेटर (मशीन जुळवून देणारे) विलासमामा यांनी यावर तोड काढली. दिवसभराचा हिशोब नेहमीप्रमाणे वहीत पेन्सिलने, आणि शिफ्ट सुटताना सगळा टॅबवर, एका दमात. त्यामुळे आमचं मशीन सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ढिम्म उभं असायचं आणि पुढच्या सात मिनिटांत एकशे चाळीस जॉब काढायचं. कस्टमरच्या डॅशबोर्डवर हे महिनाभर दिसत होतं. शेवटी त्यांच्या ॲनालिटिक्समधल्या एका मुलाचा फोन आला. फार अदबीनं बोलला. ही स्पीड दिवसभर टिकवायला काय अडचण येते, एवढंच विचारत होता.

तेव्हा नोंदी दर तासाला भराव्यात, आणि मध्येमध्ये एखादा रिजेक्ट दाखवावा. शून्य रिजेक्शनवर कोणाचा विश्वास बसत नाही, खरं असलं तरी.

आता हिरवं होऊ. सेबीने २०२१ मध्ये बड्या लिस्टेड कंपन्यांसाठी पर्यावरण-समाजाच्या जबाबदारीचा 'बीआरएसआर' नावाचा अहवाल काढला आणि २०२२-२३ पासून पहिल्या हजार कंपन्यांवर तो बंधनकारक केला. कंपनीने स्वतःच्या धुराचा हिशोब द्यावा, ठीक आहे. पण पुरवठादारांच्या धुरालाही एक नाव आहे, 'स्कोप ३', आणि ते नाव कळल्यापासून आम्हाला दरवर्षी शहाऐंशी प्रश्नांची शीट येते. ती ज्या पोर्टलवर भरायची, त्याची वार्षिक फी पार्टनरने भरायची असते.

प्रश्न एकतीस: एका जॉबमागे पाणी किती? गाळ्यात पाणी लागतं कूलंटला, चहाला आणि संडासाला. मी महिन्याच्या पाण्याला जॉबनी भागून ०.०८ लिटर लिहिलं. पुढच्या वर्षी शेरा आला, 'सुधारणा अपेक्षित'. मी ०.०७ लिहिलं. साडेबारा टक्के बचत! चहा एक कपही कमी झालेला नाही, शपथेवर सांगतो. कस्टमरच्या गुळगुळीत कागदावरच्या अहवालात नदीचा फोटो असलेलं एक पान आहे. आमचा चहा त्याच पानावरच्या बेरजेत कुठेतरी असणार.

कच्च्या मालाच्या प्रश्नाला मात्र घाम फुटतो. बार (पोलादाची कांब) कुठल्या मिलचा घ्यायचा हे कस्टमर ठरवतो, पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) तसं छापलेलं असतं. मिल त्यांनी निवडायची आणि तिच्या भट्टीचा कार्बन मी मोजायचा. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त, कारण आपल्या भट्ट्या कोळशावर. माझ्या विजेचा हिशोब युनिटमागे साधारण ०.७ किलो. म्हणजे जॉबच्या अंगावरचा बहुतेक काळिमा तो गाळ्यात यायच्या आधीच चढलेला असतो. यावर उपाय म्हणून मी ट्यूबलाइट काढून एलईडी लावले आणि आधीचा-नंतरचा असे दोन फोटो पाठवले. फार कौतुक झालं.

शेजारचा बोल्टवाला एवढ्यावर सुटत नाही. युरोपने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाचा कार्बन विचारायला सुरुवात केली, १ जानेवारी २०२६ पासून त्याला पैसे चिकटले, आणि नटबोल्टही त्या यादीत आहेत. तो हल्ली मिलच्या सेल्सवाल्याला भट्टीची माहिती मागतो. समोरून होळीच्या शुभेच्छा येतात.

'जस्ट इन टाइम'बद्दल, म्हणजे साठा न करता माल हवा तेव्हाच मागवण्याबद्दल, थोडक्यात. हे टोयोटाने बसवलं, पण तिथे पुरवठादार कारखान्याच्या अवतीभवती. १९५९ मध्ये त्या गावाचं कोरोमो हे नाव बदलून टोयोटाच ठेवलं. आपलं भोसरी ते कस्टमरचं चाकण वीसेक किलोमीटर आहे आणि मध्ये तळेगाव चौक आहे. कस्टमरने स्टॉक शून्यावर आणला, बक्षीस मिळवलं. तो स्टॉक आता छोट्या हत्तीत बसून डिझेल जाळत चौक सुटायची वाट बघतो. शिवाय पुठ्ठ्याचे खोके पर्यावरणाला वाईट, म्हणून प्लास्टिकचे बिन आले; रिकामे बिन आणायला वेगळी फेरी. तिचं भाडं कोणाकडे, हे विचारून पार्टनरशिपला गालबोट लावू नका.

पण त्यांची सिस्टिम कौतुकास्पद आहे, हे मान्य करा. आपला छोटा हत्ती कुठल्या सिग्नलला उभा आहे, हे त्यांना नकाशावर दिसतं. गाडी दोन मिनिटं उशिरा पोचली तरी डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) आपोआप तयार होते. माल गेटच्या आत गेल्यावर मात्र नकाशा संपतो. मग जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेलं नसतं, झालं असेल तर बिल 'पार्क', म्हणजे सिस्टिममध्ये थांबवून ठेवलेलं, असतं, आणि पार्क झालेलं बिल ज्या साहेबांनी काढायचं ते ट्रेनिंगला गेलेले असतात. विषय: डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन.

कायदा आपल्या बाजूने आहे, त्याने घाबरून जाऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाने आणखी एक फास आवळला: मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरत नाहीत. हे कलम आलं आणि माझ्या कस्टमरच्या पर्चेसमधून लगेच प्रेमळ फोन आला, 'उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) ठेवलंच पाहिजे का हो?' तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' नावाचं पोर्टल आलं. तक्रार ऑनलाइन करता येते. पुढची ऑर्डर तिथे मिळत नाही.

राहिलं इनोव्हेशन. इथे माझी चूक झाली, ती तुम्ही करू नका.

भोसरीत गुरुवारी सुट्टी. मशीन बंद, टाकीतलं कूलंट निपचित, वर स्लाइडवेच्या तेलाचा तवंग. तवंगाखाली हवा पोचत नाही, जंतू वाढतात, आणि शुक्रवारी दार उघडलं की सडक्या अंड्याचा भपकारा. दीड-दोन महिन्यांत दोनशे लिटरची टाकी उपसावी लागायची. हा घातक कचरा. गटारात सोडला तर गुन्हा, रीतसर दिला तर वर पैसे मोजायचे. विलासमामांनी एका बुधवारी घरून नातवाच्या माशांच्या टाकीचा हवेचा पंप आणला, नळी कूलंटमध्ये सोडली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या इन्व्हर्टरला जोडून दिला. गुरुवारभर बुडबुडे. शुक्रवारी वास नाही. टाकी आता पाच-पाच महिने जाते.

मी हे हौसेने पोर्टलवर भरायला गेलो. 'इनोव्हेशनचा प्रकार' या खान्यात एआय, आयओटी, ब्लॉकचेन, रोबोटिक्स आणि इतर. मी 'इतर' निवडलं. गुंतवणूक लाखात विचारली होती. पंप साडेचारशेचा, म्हणून ०.००४५ टाकलं. सिस्टिमने त्याचं ०.०० केलं आणि सांगितलं, गुंतवणूक शून्य असू शकत नाही.

पुढच्या ऑडिटला साहेबांना तो पंप दिसला. 'अनधिकृत विद्युत उपकरण', एक एनसी, म्हणजे त्रुटीचा शेरा. पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण लिहून द्या म्हणाले. पंप का लावला? कूलंटला वास येतो. वास का येतो? हवा मिळत नाही. हवा का मिळत नाही? मशीन बंद असतं. मशीन का बंद? सुट्टी असते. सुट्टी का?

तिथे मी लिहिलं, 'गुरुवार'. संध्याकाळपर्यंत एनसी हिरव्या रंगात क्लोज होऊन आली.