तुमचं स्वतःचं एखादं वाजवा की

गोव्यात लाइव्ह म्युझिकला तोटा नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. कांदोळी-कळंगुटच्या रस्त्याने संध्याकाळी चालत सुटलात तर एका हॉटेलातलं गाणं संपायच्या आत पुढच्या हॉटेलातलं कानावर पडायला लागतं. पण त्यातल्या एखाद्या बँडने स्वतःचं गाणं वाजवलेलं ऐकलंय कधी? सगळीकडे तीच ठरलेली इंग्रजी गाणी, मध्ये दोन हिंदी, आणि रात्र चढली की एखादं कोकणी. गोव्यातल्या पोरांनी स्वतः केलेलं गाणं ऐकायचं तर मला घरी येऊन मोबाइल उघडावा लागतो. बँड चार गावं सोडून, आणि त्याचं गाणं सातासमुद्रापारच्या कुठल्यातरी सर्व्हरवर.

माझा भाचा अशाच एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. सीझनमध्ये त्याला रात्रीची उसंत नसते. मागे मी आणि ताई त्याला ऐकायला गेलो होतो. टेबलांवरून टिश्यू पेपरवर लिहिलेल्या फर्माइशी येत होत्या, वेटर त्या ट्रेमधून नेऊन पोरांच्या पायाशी ठेवायचा, गायक एकेक उचलून वाचायचा आणि वाजवायचा. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस. दहा वाजले, बाहेरचे स्पीकर बंद, वायरी गुंडाळायला सुरुवात. गाडीत बसताना मी विचारलं, "तुमचं स्वतःचं एकही का नाही वाजवलंत रे?" तर म्हणतो, "मावशे, थंय आमचें पद आयकूंक कोण येता? मॅनेजर म्हणटा, लोक उठून वतात."

मग त्याने मोबाइलवर ते गाणं लावलं. सुरुवातीला घुमट. खरं घुमट, गणेश चवथीच्या आरतीत वाजतं ते मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य, कॉम्प्युटरमधलं नव्हे. (पूर्वी घोरपडीच्या चामड्याचं असायचं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला.) त्यावर बेसची एकच सुरावट संथ फिरत राहते, आणि शब्द यायला चांगला दीड मिनिट लागतो. जेवायला आलेला माणूस दीड मिनिट थांबत नाही, हे मलाही कळतं. पण गाणं चांगलं आहे, आणि हे मी मावशी म्हणून सांगत नाहीये. किती लोकांनी ऐकलंय तो आकडा इथे लिहीत नाही, भाचा पोस्ट वाचतो. तेव्हापासून कुठेही बँड दिसला की माझी टिश्यूवर एकच फर्माइश असते: तुमचं स्वतःचं एखादं वाजवा की. कधी पोरं एकमेकांकडे बघून हसतात आणि वाजवतात, कधी मॅनेजरकडे बघून नाही वाजवत.

ही रड आजची नाही. आमचे गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' हा अल्बम शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या मशीनवर स्वतःच रेकॉर्ड केला, आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. पुढे ते देशभर गाजले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आज स्कूटरची गरज नाही, गाणं अपलोड करायला संध्याकाळ पुरते. अडचण अशी की सगळ्यांनाच संध्याकाळ पुरते. दुकानदाराने कॅसेट पुढच्या फळीवर लावली तर गिऱ्हाइकाला ती दिसायची तरी. इथे फळीच कुठे आहे कळत नाही.

आता गंमत ऐका. बँडकॅम्प नावाची साइट आहे, २००८ पासूनची. बँड तिथे स्वतः अल्बम टाकतो, किंमत स्वतः ठरवतो, डिजिटल विक्रीतले १५ टक्के साइट घेते. शोधायला टॅग असतात: शैलीचे, भाषेचे, गावाचे. मी भोळेपणाने 'गोवा' असा टॅग टाकला. जी रांग लागली ती जर्मनीची, इस्रायलची, जपानची, आणि सगळी धडधड धडधड. नव्वदच्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमधून जो प्रकार निघाला त्याला जग 'गोवा ट्रान्स' म्हणतं, आणि आता 'गोवा' म्हटलं की इंटरनेटला तेवढंच ऐकू येतं. मडगावच्या पोराने घुमट आणि बेस घेऊन केलेलं गाणं त्या ढिगाखाली. आमच्या गावाचं नाव आम्हालाच वापरता येत नाही, म्हणून मी आता 'कोकणी', 'पणजी', 'मडगाव' असं शोधते. गोव्यातल्या बँडवाल्यांनो, टॅग लावताना एवढं लक्षात ठेवा.

हल्ली लोक म्हणतात, शोधायचं कशाला, अ‍ॅपच सुचवतं. सुचवतं ना. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं तेव्हापासून दर सोमवारी माझ्यासाठी यादी येते, आणि फोंड्याहून पणजीच्या बसमध्ये बाणस्तारीला ट्रॅफिक अडला की मी ती ऐकतेही. वाईट नसते. पण ती बनते कशी बघा. 'हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं', हा तिचा मोठा आधार. माझ्यासारखे हजारो लोक काय ऐकतात ते जुळवून उरलेलं माझ्या पुढ्यात ठेवायचं. जो बँड अजून कुणीच ऐकला नाही तो कुणाशी जुळणार? त्यामुळे नव्या गाण्याच्या वाटेला यंत्र सहसा जात नाही. ते मला माझ्याच आवडीची भावंडं आणून देतं, आणि वर्षभराने सगळी गाणी एकाच घरातली वाटायला लागतात.

मी दुसरी वाट धरलीय. आवाजाचा माग सोडून माणसांचा काढायचा. गाणं आवडलं की खाली जाऊन बघायचं: बेस कुणाचा, मिक्सिंग कुणी केलं, हीच माणसं आणखी कुठे वाजवतात. उदाहरण देते. दिल्लीचा 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' हा बँड आता बऱ्याच जणांना माहीत आहे, २०१९ चा त्यांचा 'बिस्मिल्लाह' अल्बम गाजला. इंग्रजी गाणी, जुन्या कॅबरेची झाक, थोडं लग्नाच्या बँडबाजासारखं ब्रास. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी. त्याच्या नावाचा माग काढला तर 'लिफाफा' सापडतो, तो त्याचाच एकट्याचा प्रकल्प, आणि तिथे तो हिंदीत गातो. माणूस तोच, गाणं ओळखू येणार नाही इतकं निराळं. त्याच बँडमधल्या दुसऱ्या काहींचा 'बेगम' नावाचा आणखी एक बँड आहे. एका नावावरून तीन दारं उघडली. 'लिफाफा'ची हिंदी गाणी यंत्राने मला आपणहून कधी सुचवली नव्हती, कारण त्याच्या लेखी मी 'इंग्रजी ऐकणारी बाई' होते.

बँडकॅम्पवर तर याहून मजा आहे. अल्बम ज्यांनी विकत घेतला त्यांचे छोटे छोटे फोटो अल्बमखाली दिसतात. एखाद्या फोटोवर टिचकी मारली की त्या माणसाने आजवर काय काय घेतलंय त्याचं अख्खं कपाट उघडतं. बेंगळुरूचा 'परवाज' बँड, उर्दू आणि काश्मिरीत गाणारा, ऐकत असताना अशाच एका अनोळखी कपाटात शिरले. कुठला गृहस्थ कोण जाणे, पण सहाराच्या वाळवंटातली गिटार आणि केरळचा रॉक शेजारी शेजारी ठेवणारा. हे दोन आवाज जुळतात असं कुठल्याही यंत्राला वाटलं नसतं, त्या माणसाला वाटलं. रात्री जेवणं आटोपल्यावर टीव्हीऐवजी मी हेच करत बसते. नवरा म्हणतो, परक्यांच्या घरात डोकावतेस.

सहाराचा विषय निघालाच आहे तर एमडू मोक्टार. आफ्रिकेतल्या नायजर देशातला, वाळवंटातल्या तुआरेग जमातीचा गिटारवाला, डावखुरा. पहिली गिटार त्याने घरीच बनवली, तारा म्हणून सायकलच्या वायरी लावल्या. त्याची सुरुवातीची गाणी पसरली ती मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून आणि ब्लूटूथने, या हातातून त्या हातात. ख्रिस्तोफर कर्कली नावाच्या अमेरिकन माणसाने ती कार्डांवरची गाणी जमवून 'साहेल साउंड्स' या लेबलवर काढली, आणि २०२१ मध्ये एमडूचा अल्बम मॅटाडोरसारख्या नावाजलेल्या लेबलवर आला. आपल्याकडेही रिचार्जच्या दुकानात पैसे देऊन कार्ड भरून घ्यायचो की. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुकानदार न विचारता वर चार गाणी जास्तीची टाकायचा. त्या चारांतलं एखादं असं निघायचं की पुढच्या शुक्रवारी जाऊन विचारावं, हे कुणाचं?

आणि आता तर माणूस आहे की नाही हेही बघावं लागतं. २०२५ मध्ये 'द वेल्वेट सनडाउन' नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळाले, आणि मग कळलं की गाणी एआयने केलेली, फोटोसुद्धा खोटे. ऐकायला वाईट नव्हतं, तीच तर भीती. पण त्या बँडचा एकही गिग, म्हणजे लोकांसमोरचा कार्यक्रम, नाही, ड्रमर दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलेला नाही, स्टुडिओचं नाव नाही. नावांचा माग काढणाऱ्याला पाच मिनिटांत संशय आला असता.

शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं या पोस्टमध्ये काय काम, असं वाटेल. पण त्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, आणि त्यांची गोष्ट मला याच संदर्भात आठवते. रेकॉर्डिंगचं त्यांना वावडं होतं, मागे राहिलंय ते थोडंच. तरी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर पृथ्वीवरचे आवाज घेऊन जी सोनेरी तबकडी गेली तिच्यात त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने हीच हवी म्हणून सुचवलं. रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात खोक्यात पडलेल्या प्रती सापडल्या. एकाने नाव घेतलं, दुसऱ्याने खोकी उपसली, म्हणून ती भैरवी तिकडे पोचली.

आता मराठीचं. आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी हळहळतं की मराठीत इंडी, म्हणजे सिनेमा आणि मोठ्या कंपन्यांबाहेरचं स्वतंत्र संगीत, असं काही होतच नाही. कुठे बघितलं? 'अभंग रिपोस्ट'ची पोरं तुकोबा-नामदेवांचे अभंग बेस आणि ड्रम्सवर गातात. 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप करणाऱ्या मंडळींनी आरेच्या जंगलासाठी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना घेऊन 'वारली रिव्होल्ट' केलं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढलं. मला ते शेवटचं फारसं आवडत नाही, पण घरातल्या पोरांना तोंडपाठ आहे. 'होतच नाही' म्हणणाऱ्यांनी दिवाळी पहाटेच्या पासांसाठी जेवढी धावपळ केली त्याच्या निम्मी इथे करून बघावी.

पैशाचंही सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं कोरडं कौतुक आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजारदा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच निघत नाहीत. भाच्याच्या बँडसारख्यांना त्या हजाराचाच डोंगर. बँडकॅम्पवर विकत घ्यावं तर भारतातल्या भारतात अडतं, कारण तिथले पैसे बँडला पेपाल या ऑनलाइन सेवेमार्फत मिळतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले. मी सरळ बँडला मेसेज करते: अल्बम आवडला, यूपीआय नंबर द्या. पहिल्यांदा पोरं घाबरतात, फ्रॉड वाटतो. नंबर देतात मात्र. दीडशे-दोनशे रुपये, एका फिश थाळीचे. त्यात गिटारच्या तारा तरी येतात. आणि त्यानंतर नवं गाणं आलं की लिंक आधी मला येते.

तर आता तुमच्याकडून हवंय. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण, कुठेही कुणी स्वतःची गाणी करत असेल, कोकणी, मराठी, काहीही, खाली लिंक टाका. दुसऱ्यांच्या गाण्यांची कव्हर नको, रीमिक्स नको. आणि नुसतं 'माझ्या मित्राचा बँड' लिहून पळू नका. कोण गातं, बेस कुणाचा, रेकॉर्डिंग कुठे केलं, मिक्सिंग कुणी, सगळी नावं लिहा. पुढचं मी बघते.