'फक्त अँपिअर बघा' म्हणे!

घरच्या वर्कशॉपसाठी स्वस्तातला प्लाझ्मा कटर (विजेचा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, आणि दाबाची हवा वापरून धातू कापणारं मशीन) शोधायला लागलं की एक सल्ला हटकून समोर येतो. फॉरवर्ड होत होत तो आता पाठच झालाय: "बाकी काही बघू नका, अँपिअर बघा. 50 अँपिअरचं मशीन घ्या. घरच्या प्लगवर चालतं, कुठलाही छोटा कॉम्प्रेसर पुरतो, 12 मिमीची प्लेट लोण्यासारखी कापतं. महागडी मशीनंही आतून तीच असतात. आणि हो, ग्राइंडर विकून टाका."

स्वस्त मशीन वाईट, असं मी म्हणणार नाही. हौशी कामाला ते पुरतं. पण या सल्ल्यात हिशोब फक्त मशीनचा आहे. वीज आणि हवा त्यात धरलेलीच नाही, आणि घरी गाडी अडते ती नेमकी तिथे.

आधी प्लगचं बघू. प्लाझ्मा कटरच्या पाटीवर करंटशेजारी व्होल्टेज छापलेलं असतं. ते ठरलेल्या सूत्राने येतं: 80 अधिक करंटच्या 0.4 पट. म्हणजे 50 अँपिअरला 100 व्होल्ट, आर्कमध्येच 5000 वॅट. मशीनमधली गळती धरली की भिंतीतून सहा किलोवॅटच्या आसपास खेचावे लागतात. 230 व्होल्टचं 16 अँपिअरचं सॉकेट देतं 3680 वॅट. स्वस्त इन्व्हर्टर पद्धतीच्या कटरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं (वीज वाया न जाता नीट ओढणारं) सर्किट बहुधा नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात ओढला जाणारा करंट याहून जास्त. अशा सॉकेटवर मशीन 25 अँपिअरच्या आसपास ठेवूनच नीट चालवता येतं. त्यापुढे नॉब फिरवला की एमसीबी पडणार, किंवा न पडता प्लग तापत राहणार, जे जास्त वाईट. त्यात लांब आणि बारीक एक्स्टेन्शन लावली तर व्होल्टेज ढासळून आर्क मध्येच तुटतो. तेव्हा स्वतंत्र जाड वायर आणि मोठा एमसीबी टाकायची तयारी नसेल, तर 50 अँपिअरचे पैसे मोजून तुम्ही 25 अँपिअरच वापरणार.

"12 मिमी आरामात." इथे शब्दांची चलाखी आहे. जाडीचे आकडे तीन असतात आणि जाहिरातीत त्यातला सगळ्यात मोठा छापतात. पहिला स्वच्छ कापाचा, साधारण मिनिटाला 500 मिमी वेगाने. दुसरा नुसती प्लेट वेगळी होण्याचा, मिनिटाला सुमारे 125 मिमी. या वेगाने कड वेडीवाकडी येते आणि खाली जाड मळी चिकटते. तिसरा प्लेटच्या मध्ये भोक पाडून सुरुवात करण्याचा. तो बराच कमी, कारण भोक आरपार होईपर्यंत वितळलेलं लोखंड उलटं उडून टॉर्चच्या (हातात धरायच्या भागाच्या) तोंडावरच्या नोझलवरच बसतं.

आता यात ड्यूटी सायकल, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालतं ते, मिसळा. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, उरलेली चार मिनिटं थंड होणं. मिनिटाला 125 मिमीने एक मीटर कापायला आठ मिनिटं लागतात. म्हणजे ज्या कामासाठी 12 मिमीचा आकडा बघून मशीन घेतलं, त्याचा एक सरळ काप संपायच्या आत मशीनचा थर्मल दिवा लागायचा. बऱ्याच स्वस्त मशीनांवर पूर्ण करंटला 35 टक्केच लिहिलेलं असतं, तेही बारीक अक्षरात. रोज कापायच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट आकडा असलेलं मशीन घ्या, आणि तो आकडा स्वच्छ कापाचाच आहे ना हे विचारून घ्या.

"कुठलाही छोटा कॉम्प्रेसर." हा मुद्दा सगळ्यात महागात पडतो. 40-50 अँपिअरच्या टॉर्चला पाच बारच्या आसपास दाबाने मिनिटाला 120 लिटर किंवा त्याहून जास्त हवा लागते. 24 लिटरची टाकी आठ बारवरून पाच बारवर येईपर्यंत 72 लिटर हवा देते. 120 ने भागा: 36 सेकंद. मागून कॉम्प्रेसर भर घालतो खरा, पण त्याच्या पाटीवरचा आकडा पिस्टनच्या आकारमानाचा असतो. टॉर्चपर्यंत पोचणारी हवा त्याहून बरीच कमी. म्हणून विचारताना एफएडी (प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा) किती, हे विचारावं.

दाब पडला की आर्क नोझलच्या भोकात नीट आवळला जात नाही आणि ते भोक खायला लागतो. शिवाय कॉम्प्रेसर सतत चालला की टाकी तापते, आणि गरम हवेतलं पाणी पुढे होजमध्ये उतरतं. इलेक्ट्रोड तांब्याचा असतो, टोकाला हॅफ्नियमचा बारीक ठिपका. खरा आर्क त्या ठिपक्यावर उभा असतो. ओल्या हवेत तो झपाट्याने झिजतो. ठिपक्यातला खड्डा साधारण दीड मिमी खोल झाला की इलेक्ट्रोड बदलायचा. कापताना आर्कमध्ये हिरवी झाक दिसली तर हॅफ्नियम संपलंय आणि तांबं जळतंय. तिथेच थांबा, नाहीतर नोझलही गेलं. मशीन घेताना वाचवलेले पैसे अशा इलेक्ट्रोड-नोझलच्या जोड्यांत कधी संपतात, कळत नाही. मशीनच्या थोडं अलीकडे चांगला वॉटर सेपरेटर लावणं यापुढे स्वस्तच.

"आतून तीच असतात." अर्धं खरं आहे. स्वस्त मशीनांपैकी पुष्कळ एकसारखी असतात, फक्त डबा आणि स्टिकर बदलतो. फरक टॉर्चमध्ये आणि आर्क सुरू करण्याच्या पद्धतीत असतो. पायलट आर्क (धातूला न टेकता टॉर्चमध्येच आधी पेटणारा छोटा आर्क) नसलेल्या मशीनला टॉर्च स्वच्छ धातूला टेकवावाच लागतो. गंजलेल्या, रंगवलेल्या पत्र्यावर आणि जाळीवर ते रडतं. हाय फ्रिक्वेन्सीने पेटणारं मशीन जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतं. पुढे कधी सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं) टेबल करायचा विचार असेल तर ब्लोबॅक पद्धतीचंच, म्हणजे हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे ढकलून आर्क पेटवणारं, घ्या. आणि टॉर्चचं मॉडेल आधी विचारा. पीटी-31, एजी-60 असं काही प्रचलित असेल तर सुटे भाग कुठेही मिळतात. विक्रेत्याला मॉडेल सांगता येत नसेल तर मी ते मशीन घेणार नाही, किंमत काहीही असो.

राहता राहिला ग्राइंडर. तो ठेवा. कापाखालची मळी काढायला लागतोच, शिवाय अर्थ क्लॅम्प लावायच्या जागेचा रंगही त्यानेच उडवायचा. चौकोनी पाइप आणि अँगल सरळ कापायला एक मिमीच्या चकतीची कड प्लाझ्मापेक्षा नीट येते. प्लाझ्मा हवा तो वळणदार आकारांना, आणि जिथे गॅस कटिंग चालत नाही अशा एसएस आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला. तुमचं काम बहुतेक गेट-ग्रिलचं असेल, तर त्याच पैशात आधी मोठा कॉम्प्रेसर घेतलेला बरा. रंगाच्या गनलाही तो उपयोगी पडेल, आणि पुढे प्लाझ्मा घेतलाच तर हवा तयार असेल.