आईचा नेम आणि माझा डोळा

चष्म्याचा नंबर घालवायला लॅसिक नावाचं लेझर ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर होणारे लोक असतात, ते वेगळे. माझा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ निघाला म्हणून मला पीआरके, त्याच कामाची दुसरी पद्धत. लॅसिकमध्ये कॉर्नियाचं झाकण उचलायचं, आत लेझर मारायचा, झाकण परत लावायचं. पीआरकेत झाकणबिकण काही नाही, वरची सालच खरवडून टाकतात, लेझर मारतात आणि बँडेज म्हणून वर एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून घरी पाठवतात. साल काय, तीन ते पाच दिवसांत भरून येते म्हणाले डॉक्टर. खरंच येते, फक्त त्या मधल्या दिवसांबद्दल ते जरा भरभर बोलले.

टेबलावर सुन्न करणारे ड्रॉप्स असतात त्यामुळे काहीच कळत नाही, केस जळल्याचा वास येतो आणि आपण मुकाट दिव्याकडे बघत पडतो. संध्याकाळी तो अंमल उतरला आणि पापणीखाली कुणीतरी मिरचीचा ठेचा भरल्यासारखं झालं. फोन करून तेच ड्रॉप्स मागितले तर म्हणाले घरी देत नाही, सारखे घातले तर साल भरतच नाही. म्हणजे औषध आहे, त्यांच्याकडेच आहे आणि मिळणार नाही! गोळी घ्या, गार पट्टी ठेवा, अंधारात पडा.

आणि खरा छळ हा की दुखणं विसरायला काही नाही. दात दुखला तर माणूस मोबाईल बघतो, पाय मोडला तर आख्खी वेबसिरीज संपवतो, पण डोळाच दुखत असेल तर करायचं काय? मी पडून पडून आईचे फोन ऐकले. प्रत्येक नातेवाइकाला माझी हकीकत नव्याने सांगायची आणि दर वेळी माझी साल थोडी जास्त खरवडली जायची. आत्याने लगेच उपाय सांगितला, गाईच्या तुपाचा एक थेंब. मी आतून ओरडलो, "नाही!"

ड्रॉप्स घालायचं काम आईकडे. अँटिबायोटिक, मग पाच मिनिटं थांबून स्टिरॉइड, मग परत पाच मिनिटांनी नुसतं डोळे ओले ठेवणारं. "वर बघ रे, हलू नको," म्हणत पहिला थेंब नाकावर, दुसरा कानाकडे. एवढं होईपर्यंत पुढच्या राउंडची वेळ.

माझं मन रमावं म्हणून भाचीने मोबाईलवर वाचून दाखवलं की 1981 साली आयबीएममधल्या रंगास्वामी श्रीनिवासन यांनी हा एक्सायमर लेझर थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर मारून बघितला होता आणि कट एकदम स्वच्छ आला, आजूबाजूला काही भाजलं नाही.

आई म्हणाली, "म्हणजे शिळ्या कोंबडीवर केलं तेच तुला केलं?"

"कोंबडी नाही गं, टर्की."

"तिला दुखलं का?"

ती शिजलेली होती, तिला काय दुखणार.

मग दुखणं कमी झालं तर दिसायचं अजून धूसर झालं. मी घाबरलो, पण म्हणे कडेकडेने वाढत आलेली नवी साल बरोबर मधोमध येऊन मिळते तेव्हा असं होतं, गुळगुळीत व्हायला वेळ लागतो. लेन्स काढल्यावर हळूहळू स्पष्ट दिसू लागलं. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, पंख्यावरची धूळ दिसली, फ्रीज उघडला तर माझ्या ड्रॉप्सच्या शेजारी झाकून ठेवलेली छोटी वाटी.

"आई, हे तूप इथे कशाला?"

"असू दे, भातावर घे."