कपाटमा बशी काय करी ऱ्हायना भो?

आमच्या जळगावच्या गेमिंग ग्रुपवर एक मेसेज महिनाभर फिरतोय: "लपायचे हॉरर गेम म्हणजे निव्वळ टाइमपास. कपाटात बसून वाट बघायची, यात खेळणं कसलं? राक्षसाला तुमचा पत्ता आधीच ठाऊक असतो. हातात बंदूक दिली असती, तर काही मजा होती." त्याखाली चोपड्याच्या मावसभावाचा शेरा, तोच वर शीर्षकात टाकलाय.

आधी वाट बघण्याचं. मावसभाऊ केळीवाला, शेतीची लाईट रात्री आली की बागेत पाणी लावायला जातो. आत काही खसपसलं की हा पठ्ठ्या बॅटरी विझवून उभा राहतो. उजेडात समोरची चार पानं दिसतात आणि आपण मात्र लांबून दिसतो. वाळलेलं पान वाऱ्यानं वाजलं की डुकराच्या पायानं, हे तो कानानं ओळखतो. मग 'एलियन: आयसोलेशन'मध्ये (2014) वेगळं काय आहे? हातातलं ट्रॅकर यंत्र हालचाल दाखवतं, पण एलियन (इथला राक्षस) जवळ असला तर त्या यंत्राची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. कपाटाच्या दाराशी तो आला की श्वास रोखायचा, आणि जास्त वेळ रोखला तर आपलाच जीव घटतो. 'ॲम्नेशिया'त (2010) तर आणखी पेच: अंधारात लपाल तर डोकं फिरायला लागतं, कंदील लावाल तर दिसाल, शिवाय तेल मोजकंच. दर क्षणाला काहीतरी ठरवावं लागतं. याला नुसतं बसणं म्हणत असाल, तर बुद्धिबळही बसूनच खेळतात.

राक्षसाला पत्ता ठाऊक असतो, हे अर्धंच खरं. 'आयसोलेशन'मध्ये राक्षसाला चालवणारे दोन प्रोग्राम, म्हणजे दोन डोकी आहेत. एकाला तुमची जागा कायम माहीत असते, पण ते एलियनला फक्त "त्या बाजूला बघ" एवढंच सुचवतं. पुढचा शोध त्यानं स्वतःच्या डोळ्या-कानांनी घ्यायचा. उलट, तो फार वेळ तुमच्या आसपास घुटमळला, तर तेच वरचं डोकं त्याला लांब पाठवतं. याला चीटिंग म्हणायचं तर ते तुमच्या बाजूनंही चाललंय.

बंदुकीबद्दल फार लिहीत नाही. 'ॲम्नेशिया: द बंकर'मध्ये (2023) रिव्हॉल्व्हर आहे. गोळ्या मोजक्या, त्या लागल्या तरी प्राणी मरत नाही, थोडा वेळ पळतो. शिवाय गोळी झाडल्याचा आवाज त्याला बोलावतो. घ्या बंदूक.

मेसेजवाल्यांना खरी दुखरी नस सापडलीच नाही, ती मीच सांगतो. 'आउटलास्ट'मध्ये (2013) पाचव्यांदा मरून त्याच बोळात आलो, की राक्षस स्टँडवरच्या एसटीसारखा वाटतो. कुठून येणार, कुठं वळणार, सगळं पाठ. भीती तिथं मरते. 2015 च्या 'सोमा' या अशाच हॉरर गेमला तर बनवणाऱ्यांनीच 2017 मध्ये 'सेफ मोड' जोडला, ज्यात प्राणी तुम्हाला मारत नाहीत. यावर वाद घाला, मी येतो.

मावसभाऊ परवा घरी आला, त्याला हेडफोन लावून 'आयसोलेशन'समोर बसवलं. दहाव्या मिनिटाला गडी कपाटात. मग मान न वळवता, हळूच म्हणाला, "भाऊ, पंखा बंद कर ना, ऐकू येत नाही."

मे महिन्यात. जळगावात.